वाचकांचे कायदेविषयक प्रश्न : नावबदलाच्या कागदावर शिक्का हवाच का?

नावबदलाविषयी आमच्याकडे आलेल्या पत्रांत एकच शंका निरनिराळ्या रूपांत डोकावते : हातातल्या कागदावर शिक्का नाही, किंवा आहे तो जुना आहे, किंवा समोरचा अधिकारी तो मागतो आहे. म्हणून या अंकात केवळ याच विषयावरील पत्रे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर आणि आधार कार्डावर आडनाव वेगवेगळे असल्यामुळे आम्ही रीतसर अर्ज करून महाराष्ट्र शासन राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घेतला. संकेतस्थळावरून त्याची प्रत उतरवून छापली. एका बँकेत ती दाखवली तेव्हा ‘यावर गोल शिक्का नाही, हे चालणार नाही’ असे सांगण्यात आले. गावात ऑनलाइन अर्ज भरून देणारे एक दुकानदार ‘मी शिक्का मारून देतो’ म्हणतात, तर कोणी म्हणते की मुंबईला चर्नी रोडला जाऊन शिक्क्याची प्रत आणावी लागेल. खरे काय समजावे?
— एक वाचक, अंबाजोगाई (जि. बीड)

उत्तर : आपल्या प्रतीवर शिक्का नसणे हा दोष नाही. दुकानदाराकडून तो मारून घेतला, तर मात्र आज निर्दोष असलेला कागद आपल्याच हाताने संशयास्पद होईल. कृपया ते करू नये.

राजपत्राला प्रामाण्य मिळते ते शासनाने ते प्रसिद्ध केले म्हणून, त्याच्या एखाद्या प्रतीवर कोणी ठसा उमटवला म्हणून नव्हे. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमातही राजपत्र अस्सल मानण्यासाठी शिक्क्याची अट नव्हती. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ८ ने इलेक्ट्रॉनिक राजपत्रातील प्रसिद्धीला छापील राजपत्राइतकीच मान्यता दिली, आणि त्याच अधिनियमाच्या कलम ५ ने डिजिटल सहीला हाताने केलेल्या सहीच्या बरोबरीचे स्थान दिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ चे कलम ८१ तर स्पष्टपणे इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील राजपत्राविषयीच आहे : तो अभिलेख योग्य नमुन्यात ठेवलेला असेल आणि योग्य ताब्यातून सादर झाला असेल, तर न्यायालयाने तो अस्सल असल्याचे गृहीत धरावयाचे आहे. या तरतुदींत गोल शिक्क्याची अट कोठेही नाही.

बँकेच्या बाबतीत आपली बाजू अधिकच भक्कम आहे. ग्राहकाच्या ओळखपत्रांविषयी, म्हणजे ज्याला आपण केवायसी म्हणतो त्याविषयी, रिझर्व्ह बँकेचे जे निर्देश आहेत त्यांत असे सांगितले आहे की ओळखपत्र मिळाल्यानंतर नाव बदलले असेल, तर राज्य शासनाने दिलेले विवाह प्रमाणपत्र किंवा नावबदलाची राजपत्रातील अधिसूचना जोडल्यास ते जुन्या नावाचे ओळखपत्र ग्राह्य धरावे. म्हणजे बँकेने आपल्याकडून दोन कागद मागणे रास्त आहे, एक जुन्या नावाचे ओळखपत्र आणि दुसरे राजपत्र. या दोहोंचा मेळ घालून माणूस तोच आहे याची खात्री करणे हे तिचे कामच आहे, कारण राजपत्र आपली घोषणा प्रसिद्ध करते, आपली ओळख पटवून देत नाही. शिक्का ही मात्र त्यापलीकडची, आधार नसलेली मागणी आहे.

तरीही बँकेतील कर्मचाऱ्याची अडचण समजून घेतली पाहिजे. त्याच्यापुढे येतो तो साधा छापील कागद, आणि संगणकावर असा कागद कोणालाही तयार करता येतो ही त्याची भीती अनाठायी नाही. या भीतीवर उपाय म्हणजे पडताळणी. शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाच्या संकेतस्थळावर राजपत्राचा तोच अंक खुला असतो. आपल्या प्रतीवर राजपत्राचा भाग, अंकाचा दिनांक आणि पृष्ठ क्रमांक ठळक दिसतील अशी खूण करावी, मूळ पीडीएफ फाइल मोबाइलमध्ये ठेवावी आणि शाखेतील संगणकावर तो अंक उघडून ताडून पाहण्याची विनंती करावी. त्यासाठी फार वेळ लागत नाही, आणि कोणत्याही रबरी शिक्क्यापेक्षा ही खात्री कितीतरी पक्की असते. केवळ आपल्या नोंदीचे पान छापून नेऊ नये. अंकाचे मुखपृष्ठही सोबत असावे, म्हणजे अंक ओळखता येतो.

येथे एक व्यावहारिक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण निम्मे गैरसमज तिच्यातून होतात. डिजिटल सही असलेली फाइल काही संगणकांवर उघडली की सहीच्या जागी पिवळे प्रश्नचिन्ह आणि ‘सिग्नेचर नॉट व्हेरिफाइड’ अशी अक्षरे दिसतात, आणि तशीच ती छापलीही जातात. मग समोरचा अधिकारी सही खोटी असल्याचे समजतो. त्या संगणकाने सहीच्या प्रमाणपत्राची अद्याप तपासणी केलेली नाही, इतकाच त्याचा अर्थ असतो. फाइल उघडून सहीवर क्लिक करून ती प्रमाणित केली की प्रश्नचिन्हाच्या जागी हिरवी खूण येते. सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’ वरून मिळालेल्या उत्पन्नाच्या, रहिवासाच्या आणि जातीच्या दाखल्यांच्या बाबतीतही हेच घडते. कागदावर छापलेले प्रश्नचिन्ह कशानेही हिरवे होणार नाही, म्हणून तपासणी नेहमी फाइलवर करावयाची असते, कागदावर नव्हे.

दुकानदाराच्या शिक्क्याविषयी पुन्हा एकदा, कारण गावोगावी हा प्रकार सर्रास चालतो आणि भोळी माणसे त्यात अडकतात. ज्याला अधिकार नाही अशा व्यक्तीने शासकीय भासेल असा शिक्का तयार करणे किंवा तो फसवणुकीच्या हेतूने जवळ बाळगणे हा भारतीय न्याय संहितेनुसार गंभीर गुन्हा आहे. त्या शिक्क्यात चार सिंहांची राजमुद्रा असेल, तर २००५ चा राज्यचिन्हाच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणारा अधिनियमही लागू होतो आणि त्याखाली दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पैसे घेऊन शिक्का मारणारा दुकानदार उद्या नामानिराळा राहील, आणि कागद सादर करणारे म्हणून जाब आपल्याला द्यावा लागेल.

बँक तरीही अडून बसली, तर तोंडी वाद घालू नये. शाखाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा, त्यात राजपत्राचा अंक व पृष्ठ नमूद करावे, नकार कोणत्या नियमाने दिला हे लेखी कळवण्याची विनंती करावी आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. बँकेकडून तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. बहुतेक वेळा लेखी अर्ज पडताच वरिष्ठांचे लक्ष जाते आणि विषय मिटतो. मुंबईला जाण्याचे कारण नाही. शाळेच्या दाखल्यातील आडनाव मात्र राजपत्रामुळे आपोआप बदलत नाही. त्यासाठी मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे स्वतंत्र प्रस्ताव जावा लागतो.

प्रश्न : नावबदलासाठी मी प्रतिज्ञापत्र केले. ते पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर आहे, त्यावर माझी सही आहे, टायपिंग करणाऱ्यांनी शिक्काही मारून दिला आहे. आता एक कार्यालय म्हणते की हे ‘नोटरी केलेले’ नाही. मुद्रांक आणि शिक्का दोन्ही असताना आणखी काय हवे?
— एक वाचक, जिंतूर (जि. परभणी)

उत्तर : या वेळी कार्यालयाचे म्हणणे बरोबर आहे. वरच्या पत्रात शिक्क्याची गरज नव्हती, येथे ती कायद्यानेच आहे, परंतु तो शिक्का नोटरीचा असला पाहिजे.

नोटरी अधिनियम, १९५२ च्या कलम ८ नुसार नोटरीचे कोणतेही कृत्य त्यांच्या सहीने आणि अधिकृत शिक्क्याने झाले तरच नोटरीचे कृत्य मानले जाते. सही आहे आणि शिक्का नाही, किंवा शिक्का आहे आणि सही नाही, तर ते कायद्याच्या दृष्टीने अपुरे आहे. त्या शिक्क्याचे स्वरूपही १९५६ च्या नोटरी नियमांत ठरवून दिलेले आहे : साधा, वर्तुळाकार, पाच सेंटिमीटर व्यासाचा, आणि त्यावर नोटरीचे नाव, त्यांचे कार्यक्षेत्र, ‘नोटरी’ हा शब्द व नियुक्ती करणाऱ्या शासनाचे नाव. त्याशिवाय नोटरींना आपल्या नोंदवहीत प्रत्येक कामाची नोंद करावी लागते. तो नोंद क्रमांक आपल्या कागदावर लिहिलेला आहे का, हे अवश्य पाहावे. पुढे कधी कोणी शंका घेतली, तर शिक्क्याच्या ठशापेक्षा ती नोंदच आपल्या कामी येईल. आणखी एक : आपण स्वतः नोटरींसमोर हजर राहून सही केली पाहिजे. आधीच सही-शिक्का मारून ठेवलेले कोरे कागद काही ठिकाणी मिळतात, ते कितीही सोयीचे वाटले तरी घेऊ नयेत.

मुद्रांकाचा या सगळ्याशी संबंध नाही. मुद्रांक म्हणजे शासनाला भरलेले शुल्क, त्याने मजकुराच्या खरेपणाची ग्वाही मिळत नाही. मराठवाड्यातील वाचकांनी हेही लक्षात ठेवावे की शासकीय कार्यालयात किंवा न्यायालयात सादर करावयाच्या प्रतिज्ञापत्रांवरील मुद्रांक शुल्क राज्य शासनाने २००४ मध्येच माफ केले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये किमान मुद्रांक शंभराचा पाचशे रुपयांवर गेला, तेव्हापासून तहसील कचेऱ्यांबाहेर पाचशेचा मुद्रांक घेण्याचा आग्रह विनाकारण वाढला आहे. शेतमजुरी करणाऱ्या कुटुंबाला पाचशे रुपये ही लहान रक्कम नसते, आणि नियम ठाऊक असलेल्या प्रत्येकाने रांगेतील शेजाऱ्याला तो सांगावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. साध्या कागदावरील प्रतिज्ञापत्र नोटरींपुढे, अथवा तहसील कार्यालयात तसा अधिकार असलेल्या अधिकाऱ्यांपुढे, शपथेवर केले की पुरते. खासगी संस्थेला किंवा कंपनीला द्यावयाचे प्रतिज्ञापत्र या सवलतीत येत नाही.

सोबतच्या झेरॉक्स प्रतींवर राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का घेण्यासाठीही धावपळ करू नये. राज्य शासनाच्या ९ मार्च २०१५ च्या निर्णयाने स्वयंसाक्षांकन स्वीकारले आहे. प्रतीवर आपली सही करावी आणि पडताळणीच्या वेळी मूळ कागद दाखवावा.

प्रश्न : माझ्या वडिलांनी १९८९ मध्ये नाव बदलले. त्या वेळच्या प्रतिज्ञापत्रावर आणि दाखल्यावर ‘उस्मानाबाद’ असा शिक्का आहे. आता पुण्यातील एका कार्यालयात सांगण्यात आले की जिल्ह्याचे नाव बदलल्यामुळे ‘धाराशिव’ असा शिक्का असलेले नवे कागद आणा. मूळ अधिकारी आज हयातही नाहीत. नवा शिक्का मिळवायचा कसा?
— एक वाचक, कळंब (जि. धाराशिव)

उत्तर : मिळवायचाच नाही. ज्या दिवशी कागद झाला त्या दिवशी जे कार्यालय आणि त्याचे जे नाव होते, त्याच नावाचा शिक्का त्यावर असणे योग्य आहे. उलट १९८९ च्या कागदावर ‘धाराशिव’ जिल्ह्याचा शिक्का दिसला असता, तर तोच बनावट समजावा लागला असता.

केंद्र शासनाने औरंगाबाद व उस्मानाबाद या शहरांच्या नामांतरास फेब्रुवारी २०२३ मध्ये संमती दिली आणि जिल्हे व महसुली विभागाच्या नावांची अधिसूचना सप्टेंबर २०२३ मध्ये निघाली. अशा नामांतरामुळे पूर्वी झालेले दस्त, आदेश, दाखले आणि प्रतिज्ञापत्रे रद्द होत नाहीत, ती नव्याने करावी लागत नाहीत आणि त्यांवर फेरशिक्काही घ्यावा लागत नाही. फार तर नामांतराच्या अधिसूचनेची एक प्रत सोबत जोडावी, म्हणजे मराठवाड्याबाहेरच्या कार्यालयाला दोन नावांचा संबंध कळेल.

आपल्या भागाला तर हे नवे नाही. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबादमधून, लातूर १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादमधून आणि हिंगोली १ मे १९९९ रोजी परभणीमधून वेगळा झाला. वसमतच्या माणसाच्या जुन्या दाखल्यावर परभणीचा शिक्का असतो आणि त्याला कोणी हरकत घेत नाही. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. तेथील एकाच घराण्याच्या कागदांवर बीदर, उस्मानाबाद आणि लातूर असे तीन जिल्ह्यांचे शिक्के सापडतात, आणि घराच्या उताऱ्यापासून वारसाहक्काच्या दाव्यापर्यंत तिन्ही चालतात. पुण्यातील कार्यालयाला हा इतिहास ठाऊक नसेल, तर आपण तो अर्जात चार ओळींत लिहावा.

मात्र मूळ कागद जीर्ण झाला असेल आणि शिक्का वाचता येत नसेल, तर त्यावर पुन्हा शाई फिरवू नये. संबंधित कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नोंद शोधून तिची प्रमाणित नक्कल मागावी. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ७५ नुसार सार्वजनिक दस्तऐवजाची प्रमाणित नक्कल देताना अधिकाऱ्याने ती खरी असल्याचे लिहून दिनांक, सही, नाव व पदनाम द्यावयाचे असते, आणि कायद्याने ज्याला शिक्का वापरण्याचा अधिकार आहे त्याने शिक्काही लावावयाचा असतो. आजच्या तारखेच्या या नकलेवर ‘धाराशिव’ असाच शिक्का येईल, आणि तो बरोबर असेल.

प्रश्न : घटस्फोटानंतर मला माहेरचे नाव पुन्हा लावायचे आहे. माझ्याकडे हुकूमनाम्याची वकिलांनी सही केलेली झेरॉक्स आहे. पारपत्रासाठी ती पुरेल का?
— एक वाचक भगिनी, सेलू (जि. परभणी)

उत्तर : ताई, ती पुरणार नाही. वकिलांची सही कितीही विश्वासाची असली, तरी न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल केवळ न्यायालयाच्या नक्कल विभागातूनच मिळते, आणि तिच्यावर न्यायालयाचा शिक्का असणे अत्यावश्यक आहे. अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली आणि कधी दिली, या तारखाही तिच्यावर असतात. ज्या न्यायालयाने निकाल दिला तेथे प्रकरण क्रमांक व निकालाचा दिनांक देऊन अर्ज करावा. नकलेचे शुल्क माफक असते. एकाच वेळी दोन-तीन नकला काढून ठेवाव्यात, कारण पारपत्र, बँक आणि नोकरीचे ठिकाण अशा निरनिराळ्या जागी त्या लागतील आणि प्रत्येक वेळी परभणीला खेटे घालणे आपल्याला परवडणार नाही. नक्कल हाती आली की प्रत्येक पान पाहावे. एखाद्या पानावर शिक्का राहून गेला असेल, तर तेथेच परत देऊन लावून घ्यावा.

प्रश्न : बाळाच्या जन्म प्रमाणपत्रावर क्यूआर कोड आहे, पण ग्रामपंचायतीचा शिक्का नाही. चालेल का?
— एक वाचक, किनवट (जि. नांदेड)

उत्तर : चालेल. नागरी नोंदणीच्या ऑनलाइन प्रणालीतून निघालेल्या आणि निबंधकांची डिजिटल सही असलेल्या प्रमाणपत्राला वेगळ्या शिक्क्याची गरज नाही. क्यूआर कोड मोबाइलने तपासून त्यात दिसणारी नोंद आणि कागदावरील नोंद अक्षरशः जुळते का, हे आजच पाहून घ्यावे. नावात काना-मात्रेची चूक असेल, तर आता ती दुरुस्त होणे सोपे आहे, शाळेत नाव घातल्यावर ते कितीतरी अवघड होईल. हाताने लिहिलेल्या जुन्या दाखल्यावर मात्र निबंधकांची सही व शिक्का असावा.

प्रश्न : मुलगी ऑस्ट्रेलियात असते. तेथील कार्यालयाने तिच्या नावबदलाच्या राजपत्रावर ‘अपॉस्टिल’ मागितले आहे. हाही शिक्काच आहे का, आणि तो येथे नांदेडला मिळेल का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : अपॉस्टिल हे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने दिलेले प्रमाणपत्र असते. हेग येथील ज्या आंतरराष्ट्रीय करारान्वये ते दिले जाते त्यात भारत २००५ पासून सहभागी आहे, आणि ऑस्ट्रेलियाही त्यात आहे, म्हणून तेथे वेगळ्या दूतावासी साक्षांकनाची गरज पडत नाही. ते जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा नोटरींकडे मिळत नाही. कागदाचे आधी राज्य शासनाच्या स्तरावर साक्षांकन होते, त्यानंतर परराष्ट्र मंत्रालय अपॉस्टिल देते, आणि अर्ज मंत्रालयाने नेमलेल्या संस्थांमार्फत स्वीकारले जातात. त्या संस्थांची यादी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरूनच पाहावी, रस्त्यावरील जाहिरातीवरून नव्हे. त्याआधी मुलीला तेथील कार्यालयाकडून दोन गोष्टी लेखी विचारून घ्यायला सांगावे : अपॉस्टिल राजपत्राच्या प्रतीवर हवे की प्रतिज्ञापत्रावर, आणि मराठी मजकुराचे इंग्रजी भाषांतर कोणाकडून केलेले चालेल. भाषांतर नंतर मागितले गेले, तर सगळी प्रक्रिया दुसऱ्यांदा करावी लागते, म्हणून हे उत्तर येईपर्यंत अर्ज आणि पैसे भरू नयेत.